मदरबोर्ड निवडताना : स्वस्त कोणता आणि पुरेसा कोणता?

दहावी-बारावीच्या परीक्षांचा हंगाम संपला, की मुंबईत ग्रँट रोड स्थानकालगतच्या लॅमिंग्टन रोडवर पालकांची वर्दळ वाढू लागते. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असलेला हा रस्ता संगणकाच्या सुट्या भागांसाठी गेली अनेक वर्षे प्रसिद्ध आहे. पालकांच्या हातात दुकानदाराने लिहून दिलेले कोटेशन असते. त्यातील प्रोसेसरचे नाव मुलाला तोंडपाठ असते, रॅम किती 'जीबी' हवी हेही ठाऊक असते, मॉनिटरचा आकार तर समोर दिसतच असतो. 'मदरबोर्ड' या ओळीपाशी मात्र सारे थबकतात. बेरीज ठरवलेल्या रकमेच्या वर गेलेली असते आणि कुठेतरी काटछाट करणे भाग असते. "हा जरा कमी किमतीचा टाका," असे म्हणून ती काटछाट बहुधा याच ओळीवर होते.

ही काटछाट नेहमीच चुकीची असते असे नाही. किंबहुना मदरबोर्डवर नको तितका खर्च करणारे ग्राहकही कमी नाहीत. प्रश्न असा आहे, की मदरबोर्डमधील कोणती गोष्ट सोडली तर चालते आणि कोणती सोडली तर दोन-तीन वर्षांनी पस्तावण्याची वेळ येते? मर्यादित पैशांत घरगुती संगणक जुळवून घेणाऱ्यांसाठी याच प्रश्नाचा हा ऊहापोह.

मदरबोर्ड नेमके करतो काय?

आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पहिल्या 'पीसी'च्या मुख्य बोर्डावर विस्तारासाठी पाच स्लॉट होते. पडद्यावर अक्षरे उमटवायची तर वेगळे कार्ड, फ्लॉपी चालवायची तर वेगळे कार्ड, अशी त्या काळची रचना होती. पुढे ध्वनी, नेटवर्क, यूएसबी इत्यादी सोयी एकामागून एक मुख्य बोर्डावरच येऊन बसल्या. त्याच वेळी उलट दिशेनेही एक प्रवास झाला. रॅमवर नियंत्रण ठेवण्याचे काम पूर्वी मदरबोर्डवरील चिप करीत असे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये ते काम प्रोसेसरच्या पोटात नेले. नंतर ग्राफिक्स कार्डाशी होणारी देवाणघेवाणही प्रोसेसरकडे गेली.

या बदलाचा ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ फार महत्त्वाचा आहे. एकच प्रोसेसर, तीच रॅम आणि तीच एसएसडी ही सहा हजारांच्या व सोळा हजारांच्या मदरबोर्डवर बसवून पाहिली, तर लेखन, हिशेब, इंटरनेट, ऑनलाइन वर्ग यांसारख्या नित्याच्या कामांत वेगाचा फरक जवळजवळ जाणवत नाही. महाग मदरबोर्ड म्हणजे वेगवान संगणक, हा समज यास्तव सोडून द्यावा. मदरबोर्ड प्रामुख्याने दोन गोष्टी ठरवतो : आज त्यावर काय काय जोडता येईल आणि उद्या त्यात काय बदलता येईल. पैसे मोजायचे ते या दोन गोष्टींसाठी.

सॉकेट : पहिला आणि निर्णायक प्रश्न

प्रोसेसर ज्या चौकोनी बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट बदलता येत नाही. साहजिकच मदरबोर्ड घेताना आपण प्रोसेसरच्या एका घराण्याशी नाते जोडतो आणि हे नाते किती वर्षे टिकणार हे त्या घराण्यावर अवलंबून असते.

दोन उदाहरणे पाहू. समजा, एखाद्या कुटुंबाने २०१८ मध्ये एएमडीच्या एएम४ सॉकेटचा, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर रायझन ३ २२००जी हा चार कोअरचा स्वस्त प्रोसेसर घेतला. २०२२ मध्ये आलेला आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स हा प्रोसेसर, बायोस अद्ययावत केल्यानंतर, त्याच बोर्डावर बसू शकला. कॅबिनेट तेच, रॅम तीच, विंडोज तीच. बदलला तो केवळ एक भाग.

आता दुसरे उदाहरण. इंटेलच्या सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आले आणि त्यांच्यासोबत २०० मालिकेचे चिपसेट आले. सॉकेट होते एलजीए ११५१. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली. सॉकेटवरील संपर्कबिंदूंची संख्या तीच, ११५१. तरीही नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर अधिकृतपणे चालत नव्हते. त्यांच्यासाठी ३०० मालिकेचा नवा मदरबोर्ड घ्यावा लागला. वर्ष पूर्ण होण्याआधीच बोर्डाचा पुढचा रस्ता बंद झाला.

आजच्या बाजारात घरगुती संगणकासाठी चार सॉकेट प्रामुख्याने विचारात घेण्याजोगे आहेत. एएमडीचा एएम४ हा २०१६ मध्ये आलेला आणि आता कारकीर्दीच्या अखेरीस पोहोचलेला सॉकेट आहे. मात्र त्याचे प्रोसेसर व बोर्ड स्वस्त आहेत आणि त्यांची निवडही मुबलक आहे. एएम५ हा सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्याला २०२७ व त्यापुढेही साथ देऊ, असे एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालतात. पैकी चौदावी पिढी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने एलजीए १८५१ हा नवा सॉकेट आणला.

याचा अर्थ जुना सॉकेट घेऊच नये असा नाही. एलजीए १७०० वर आज कोअर आय ३ घेऊन पुढे तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा आय ५ बसविता येतो. तोही अनेकांना वर्षानुवर्षे पुरेल. फक्त पायऱ्या किती उरल्या आहेत हे ठाऊक असताना निर्णय घ्यावा.

चिपसेटची भाषा

सॉकेट ठरला की चिपसेटचा प्रश्न येतो. बोर्डाच्या नावातील एक अक्षर आणि तीन अंक म्हणजे चिपसेट. एएमडीत 'ए' हे अक्षर प्राथमिक, 'बी' मध्यम आणि 'एक्स' उच्च श्रेणी दाखवते. इंटेलमध्ये एच६१० किंवा एच८१० हे प्राथमिक, बी७६० किंवा बी८६० हे मध्यम आणि 'झेड' हे उच्च श्रेणीचे अक्षर आहे. झेड आणि एक्स श्रेणीचे बोर्ड प्रामुख्याने प्रोसेसर ठरावीक वेगापलीकडे पळविणाऱ्या हौशी लोकांसाठी असतात. घरगुती अंदाजपत्रकात त्यांचा विचार करण्याचे कारण नाही.

खरी निवड असते ती प्राथमिक आणि मध्यम यांत. एच६१० हे त्याचे चांगले उदाहरण. या बोर्डांवर रॅमचे जास्तीत जास्त दोन स्लॉट असतात आणि एसएसडीला प्रोसेसरशी थेट जोडण्याची सोय नसते. ती चिपसेटमार्फत, तुलनेने जुन्या वेगाने जोडली जाते. बी६६० व बी७६० बोर्डांवर चार रॅम स्लॉट मिळू शकतात आणि एम.२ प्रकारच्या एसएसडीसाठी एकाहून अधिक जागा सहसा असतात. ज्यांना एक एसएसडी आणि दोन रॅम पट्ट्या यापलीकडे काही जोडायचे नाही, त्यांना एच६१० पुरेसा आहे. आज एक आणि उद्या आणखी एक असा ज्यांचा विचार आहे, त्यांनी मध्यम श्रेणीकडे पाहावे.

रॅम : बोर्डापेक्षा मोठा खर्च

मदरबोर्ड कोणती रॅम स्वीकारतो हा प्रश्न पूर्वी दुय्यम होता. आता तो खर्चाच्या केंद्रस्थानी आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. तेव्हा बोर्डावर वाचविलेले पाचशे रुपये चुकीच्या रॅमपायी अनेक पटींनी जाऊ शकतात.

एएम४ वर डीडीआर४ चालते. एएम५ आणि एलजीए १८५१ वर केवळ डीडीआर५ चालते. एलजीए १७०० वर मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि येथेच चूक होण्याचा संभव अधिक असतो. एकाच कंपनीचा, जवळजवळ एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन रूपांत विकला जातो; नावाच्या शेवटी 'डी४' असते किंवा नसते, एवढाच फरक दिसतो. दोन्ही पट्ट्यांवरील संपर्कबिंदू २८८ असले तरी खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एक प्रकारची रॅम दुसऱ्या बोर्डात बसतच नाही.

घरात जुन्या संगणकाची डीडीआर४ रॅम चालू अवस्थेत असेल, तर ती वापरता येईल असा बोर्ड घेणे हा आजच्या घडीला मोठ्या बचतीचा मार्ग आहे. सगळेच नव्याने घ्यायचे असेल, तर आधी दोन्ही प्रकारच्या रॅमचे त्या दिवसाचे भाव विचारावेत, बोर्ड आणि रॅम यांची एकत्रित बेरीज करावी आणि मगच सॉकेटवर शिक्कामोर्तब करावे.

दोन स्लॉटच्या बोर्डावर आणखी एक पेच असतो. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या बसविल्या, तर रॅमचे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जातात. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरत असल्याने त्याचा लाभ विशेष जाणवतो. मात्र पुढे वाढविण्यासाठी जागा उरत नाही. जुन्या पट्ट्या काढूनच नव्या बसवाव्या लागतात. सोळा जीबीची एकच पट्टी घेतली, तर जागा उरते, परंतु दुसरी पट्टी येईपर्यंत ग्राफिक्सची गती कमी राहते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल आणि सोळा जीबी पुरेशी वाटत असेल, तर दोन पट्ट्या घ्याव्यात. वर्षभरात रॅम वाढविण्याचा निश्चित विचार असेल, तर एक.

पडद्यावर चित्र कोठून येणार?

मदरबोर्डच्या मागे एचडीएमआय किंवा व्हीजीए पोर्ट आहे, म्हणजे मॉनिटर जोडला की चित्र दिसेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हे पोर्ट केवळ दार आहे. चित्र तयार करणारा भाग प्रोसेसरमध्ये असावा लागतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते, उदाहरणार्थ कोअर आय ३-१२१००एफ, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. एएम४ वरील रायझन ५ ५६०० मध्येही ते नसते. ५६००जी मध्ये असते. कोटेशन आटोक्यात आणण्यासाठी 'एफ'वाला प्रोसेसर लिहिला गेला आणि ग्राफिक्स कार्ड घेतलेच नाही, तर घरी नेलेला संगणक सुरू होतो, पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो.

जुना मॉनिटर वापरायचा असेल, तर त्याला कोणता पोर्ट आहे हे घरूनच पाहून जावे. अनेक स्वस्त बोर्डांवर आजही व्हीजीए मिळतो. तो असल्यास वेगळे कन्व्हर्टर घ्यावे लागत नाही.

पुढे ग्राफिक्स कार्ड बसविण्याचा बेत असल्यास स्लॉटची पिढीही विचारात घ्यावी. ए५२० चिपसेटच्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस ३.० मिळते, एच६१० वर मुख्य स्लॉटला ४.० मिळते. बहुतेक कार्डांना हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ मध्ये आलेले स्वस्त कार्ड केवळ चार मार्गिका वापरते. ते जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसविले, तर काही खेळांत त्याची गती लक्षणीय खालावते. बी५५० बोर्डावर ४.० ची सोय असली तरी रायझन ५ ५६००जी सोबत ती ३.० पुरतीच मर्यादित राहते. स्वस्त कार्ड आणि स्वस्त बोर्ड यांची जोडी जुळविताना ही बाब तपासावी.

वीज आणि उष्णता

प्रोसेसरच्या सॉकेटभोवती लहान चौकोनी, काळ्या-करड्या ठोकळ्यांची रांग असते. एसएमपीएसकडून येणारा १२ व्होल्टचा पुरवठा प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे एक-दीड व्होल्टपर्यंत उतरविण्याचे काम हा भाग करतो. त्याला व्हीआरएम म्हणतात. स्वस्त बोर्डांत सर्वाधिक कपात येथे होते.

कोअर आय ३-१२१०० हा प्रोसेसर भार वाढल्यावर जास्तीत जास्त ८९ वॉट घेतो, आय ५-१२४०० हा ११७ वॉट, तर आय ९-१४९००के हा २५३ वॉट. हे तिन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात. साध्या एच६१० बोर्डाचा व्हीआरएम पहिल्याला सहज पेलतो, दुसऱ्यालाही बहुधा पुरतो. तिसरा मात्र त्यावर बसला तरी तापमान वाढून आपला वेग कमी करून घेतो. म्हणजे महाग प्रोसेसरचे पैसे वाया जातात. एएम५ च्या ए६२० बोर्डांपैकी काही ६५ वॉटच्या प्रोसेसरपुरतेच बनविलेले असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डासाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. ती पाहिल्यावाचून खरेदी करू नये.

आय ३, आय ५ किंवा ६५ वॉटच्या रायझनसाठी व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बोर्ड चारशे-पाचशे रुपये अधिक देऊन मिळत असेल, तर तो घ्यावा. आपल्याकडील उन्हाळ्यात, पंख्याखाली किंवा बंदिस्त टेबलाच्या कप्प्यात चालणाऱ्या संगणकासाठी ती चैन नव्हे. याउलट बोर्डावरील रंगीत दिवे, चकचकीत आवरणे आणि 'गेमिंग' ही अक्षरे यांवर खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

घरातील विजेच्या जोडणीकडेही लक्ष द्यावे. तीन पिनांच्या बोर्डाला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. हलक्या दर्जाच्या एसएमपीएसने चांगल्या मदरबोर्डचा बळी घेतल्याची तक्रार दुरुस्तीच्या दुकानांत नेहमी ऐकू येते. बोर्डावर पैसे वाचवून ते एसएमपीएसमध्ये घालणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे.

एसएसडी, पोर्ट आणि आकार

एम.२ ही एसएसडी बसविण्याची जागा आहे; त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार बसू शकतात आणि प्रत्येक बोर्ड दोन्ही स्वीकारतोच असे नाही. साटा प्रकारच्या एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे साडेपाचशे एमबी असतो, तर पीसीआय एक्स्प्रेस ३.० वरील एनव्हीएमईचा साडेतीन हजार एमबीपर्यंत जातो. ४.० वर तो आणखी दुप्पट होतो. मात्र घरगुती कामात हा शेवटचा फरक सहसा लक्षातही येत नाही. काही बोर्डांवर एम.२ जागा वापरली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. जुन्या हार्ड डिस्क जोडायच्या असल्यास माहितीपुस्तिकेत हे पाहून घ्यावे.

मागच्या बाजूचे यूएसबी पोर्ट मोजावेत. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, वेबकॅम आणि वायफायचा डोंगल धरला तर पाच पोर्ट तेथेच संपतात. अंगभूत वायफायसाठी बोर्डाची किंमत बरीच वाढत असेल, तर साधा बोर्ड आणि वेगळा डोंगल हा पर्याय स्वस्त पडतो.

आकाराच्या बाबतीत मायक्रो-एटीएक्स हा सर्वांत सोयीचा. त्याची कमाल लांबी-रुंदी २४४ मिलिमीटर असते, तर पूर्ण एटीएक्सची ३०५ बाय २४४ मिलिमीटर. अवघ्या १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स दिसायला देखणा असला तरी बहुधा महाग पडतो. साधारण आकाराच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये मायक्रो-एटीएक्स विनासायास बसतो.

'नवे' म्हणून विकले जाणारे जुने बोर्ड

कोटेशनमधील सर्वांत स्वस्त मदरबोर्ड पुष्कळदा एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा असतो. फारशा परिचित नसलेल्या नावांनी, नव्या खोक्यात, वॉरंटीसह हे बोर्ड आजही विकले जातात आणि त्यांवर वापरलेले जुने प्रोसेसर बसवून 'आय ५ संगणक' म्हणून संच दिला जातो. एच६१ हा २०११ मधील, तर एच८१ हा २०१३ मधील चिपसेट आहे. दोन्हींवर डीडीआर३ रॅम चालते. 'आय ५' हे नाव तेच असले तरी त्यामागील पिढी दहा-बारा वर्षांपूर्वीची असते.

येथे प्रश्न केवळ वेगाचा नाही. विंडोज १० चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे, तर एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. एच६१ आणि एच८१ वरील प्रोसेसर या यादीबाहेर आहेत. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे आहेत. परंतु पुढे अद्ययावतीकरणात अडचण आली, तर दाद मागायला जागा राहत नाही. ज्या संगणकावर घरातील बँकेचे व्यवहार आणि मुलांची प्रवेशाची कागदपत्रे असणार, त्यासाठी असा पाया निवडू नये.

हात खरोखरच आखडता असेल, तर जुन्या बाजारातून ३०० मालिकेचा, उदाहरणार्थ एच३१० चा बोर्ड आणि आठव्या पिढीचा कोअर आय ३-८१०० घेणे अधिक श्रेयस्कर. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. बायोसमध्ये टीपीएमची सोय सुरू करावी लागते एवढेच. एच८१ चा संच आधीच घरात असेल, तर त्यावर लिनक्स बसवून तो धाकट्यांच्या अभ्यासासाठी वापरता येईल. पण नवे पैसे त्यात गुंतवू नयेत.

बायोसची आवृत्ती

बोर्ड आणि प्रोसेसर कागदावर जुळत असले, तरी बोर्डातील बायोस जुना असेल तर संगणक सुरू होत नाही. बी४५० बोर्डावर रायझन ५०००, किंवा २०२२ मध्ये बनलेल्या एच६१० बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसविताना हा अनुभव येतो. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसविता, केवळ पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करण्याचे बटण असते. स्वस्त बोर्डांवर ते क्वचित सापडते. अशा वेळी दुकानातच बायोस अद्ययावत करून घ्यावा.

इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अति व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये निष्पन्न झाले. कंपनीने त्यावरील दुरुस्ती मदरबोर्डच्या बायोसमार्फतच दिली. बोर्ड बनविणारी कंपनी बायोस नियमितपणे देते की नाही, हा म्हणूनच निवडीचा रास्त निकष आहे. ज्या बोर्डाचे संकेतस्थळावर पानच सापडत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी टाळावा.

दुकानात गेल्यावर

आसूस, गिगाबाइट, एमएसआय आणि असरॉक या तैवानी कंपन्यांचे बोर्ड आपल्याकडे सर्वत्र मिळतात. प्राथमिक श्रेणीत त्यांच्यात डावे-उजवे करण्याइतका फरक नसतो; आपल्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर कोणाचे आहे, हा फरक अधिक मोलाचा. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या ग्राहकाला बोर्ड दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याला पाठवावा लागणार असेल, तर त्यात जाणारे दिवस मुलाच्या सत्रातून वजा होतात.

पुढील गोष्टी दुकानातच पूर्ण कराव्यात. बोर्डाचे पूर्ण नाव आणि आवृत्ती कोटेशनवर लिहून घ्यावी. 'एच६१० बोर्ड' एवढेच लिहिलेले पुरेसे नाही. जीएसटीसह पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बोर्डाचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. खोक्यावरील आणि बोर्डावरील अनुक्रमांक एकच आहेत का, ते पाहावे. वॉरंटी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ती बिलाच्या तारखेपासून मोजतात की निर्मितीच्या, हे विचारावे.

इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत बारीक पिना सॉकेटमध्ये असतात. एकही पिन वाकली तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. प्रोसेसर बसविण्यापूर्वी पिना सरळ असल्याचे दुकानदारासमक्ष पाहावे आणि सॉकेटवरील प्लॅस्टिकचे झाकण फेकून न देता खोक्यात जपून ठेवावे; वॉरंटीसाठी बोर्ड पाठविताना त्याची गरज पडते. शेवटी संच सुरू करून, सगळी रॅम आणि एसएसडी बायोसमध्ये दिसत असल्याची खात्री करूनच पैसे चुकते करावेत.

तीन गरजा, तीन निवडी

केवळ अभ्यास, कार्यालयीन काम आणि इंटरनेट एवढीच गरज असल्यास एच६१० बोर्ड आणि कोअर आय ३-१२१००, किंवा ए५२० बोर्ड आणि रायझन ५ ५६००जी ही जोडी योग्य. प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्स असलेलाच घ्यावा. मॉनिटर वगळून चाळीस हजारांचे अंदाजपत्रक असेल, तर बोर्डासाठी सहा-सात हजार ठेवावेत.

वर्ष-दोन वर्षांत ग्राफिक्स कार्ड, अधिक रॅम किंवा दुसरी एसएसडी घालायची असेल, चित्रफीत संपादन किंवा आरेखन शिकायचे असेल, तर बी७६० किंवा बी५५० चिपसेटचा, चार रॅम स्लॉट आणि व्हीआरएमवर हीटसिंक असलेला मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्यावा. वाढीव दोन-तीन हजार येथे सत्कारणी लागतात.

संगणक सहा-सात वर्षे वापरायचा आणि मध्ये एकदा प्रोसेसर बदलायचा असा दूरचा विचार असेल, तर एएम५ कडे पाहावे. ए६२० किंवा बी६५० बोर्डावर आज साधा प्रोसेसर बसवून पुढे वरच्या पिढीचा घेता येईल. मात्र डीडीआर५ चा खर्च आजच करावा लागतो. तो पेलत नसेल, तर भविष्याच्या ओढीने वर्तमानाची ओढाताण करून घेऊ नये.

संगणकाचे बाकीचे भाग एकेक करून बदलता येतात. मदरबोर्ड बदलायचा म्हटले, की सगळा संच उकलावा लागतो आणि अनेकदा प्रोसेसर व रॅमही त्याच्यासोबत जातात. घर बांधताना रंग आणि पडदे नंतर बदलता येतात, पाया मात्र एकदाच घातला जातो. तो भपकेबाज असण्याची गरज नाही. वर काय चढवायचे आहे, त्याचा हिशेब करून घातलेला असावा. कोटेशनमधील त्या एका ओळीवर पेन फिरविण्यापूर्वी सॉकेट, रॅम, पोर्ट आणि बायोस या चार गोष्टी विचारल्या, तर स्वस्त मदरबोर्डही अनेक वर्षे निष्ठेने साथ देईल.